पडताळणीचे दोन आठवडे

संघाच्या कार्यालयात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे आकडेबाईच म्हणत. सुरुवातीला त्यांना ते लागायचं. घरी येऊन यजमानांना म्हणाल्या होत्या, "आकडेबाई म्हणे! मी काय विजेच्या तारेवर आकडा टाकते?"

यजमान वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "वाकडेबाई म्हणत नाहीत ना? मग झालं."

आसपासच्या लहानमोठ्या वाचनालयांनी मिळून हा सहकारी संघ काढला होता. पुस्तकं एकत्र घ्यायची म्हणजे स्वस्त पडतात, एकाकडे नसलेलं दुसऱ्याकडून मागवायचं, आणि वर्ष संपलं की सगळ्यांचे आकडे गोळा करून त्याचा एक अहवाल करायचा. हे शेवटचं काम आकडेबाईंचं. प्रत्येक वाचनालयाकडून एक लांबलचक पत्रक यायचं. सभासद किती, पुस्तकं किती, देवघेव किती झाली, फाटून बाद किती केली, इमारतीची दुरुस्ती काय काय केली. बाई ती तपासायच्या, बेरजा लावून बघायच्या, आणि जिथं घोडं अडलं असेल तिथं फोन लावायच्या.

त्या फोनांची कार्यालयात सगळ्यांना मजा वाटे. टायपिस्टबाई तर बोटं थांबवून ऐकत बसायची.

"अहो ग्रंथपाल, तुमच्या गावात माणसं राहतात त्याच्याहून तुमचे सभासद जास्त कसे?"

"काय करू बाई, गेलेल्यांची नावं काढायला जीव होत नाही. चांगली माणसं होती."

"चांगली होती म्हणून त्यांना देवानं नेलं. आता पत्रकातून तुम्ही न्या."

दुसरे एक ग्रंथपाल हरवलेल्या पुस्तकांपुढे दरसाल 'निरंक' लिहीत. बाईंनी एकदा विचारलंच, "तुमच्याकडे एकही पुस्तक हरवत नाही? नवलच आहे."

"हरवायला आधी कुणीतरी न्यावं लागतं हो," तिकडून उत्तर आलं.

पण या सगळ्या पत्रकांत एक पत्रक असं होतं, की ते हातात आलं की बाई ते लगेच उघडत नसत. बाजूला ठेवत. दुपारचा चहा झाला, टायपिस्टबाई घरी निघाली, की मग पाणी पिऊन, पदर सावरून, मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन ते पुढं ओढत.

ते त्यांच्या माहेरचं होतं.

माहेरचं म्हणजे अगदी खरोखरीचं. खाली वाचनालय आणि वर घर. गल्ली जिथं वळते तिथं कोपऱ्यावर ती इमारत. बाईंचा थोरला भाऊ तिथला ग्रंथपाल. सकाळी खालचे घडीचे दरवाजे सरकवताना असा काही आवाज व्हायचा की वरच्या मजल्यावर पेल्यातलं पाणी हलायचं. बाईंची आई तेवढ्यावर दिवस ओळखायची. "उघडलं ग बाई वाचनालय, आता चहा टाका." घरात घड्याळ होतं, पण त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता.

दादा अचानक गेला, तेव्हा वहिनीनं त्याच्या जागेवर बसायचं ठरलं. गावानंच ठरवलं, आणि बरोबर ठरवलं. दादा पुस्तकांत रमणारा माणूस, कुणाकडे काय गेलंय ते त्याला कधी आठवायचं नाही. आठवायचं ते वहिनीला. ती जिन्यातून खाली वाकून सांगायची, "ते दुसऱ्या कपाटात नाही, शिंपीकाकांकडे आहे. सहा महिने झाले, त्यांनी बहुतेक त्याचा सदरा शिवला असेल."

नणंद-भावजय म्हटलं की लोक भांडणाचीच वाट बघतात. यांचं तसं कधी नव्हतं. दोघी एका वयाच्या. बाई तिला 'वहिनी, तू' म्हणत. ती मात्र मान राखून 'वन्सं, तुम्ही' म्हणे, आणि तो मान राखून यथेच्छ थट्टा करी. "वन्सं, तुम्ही पोळ्या लाटू नका. भूगोलाचा तास नाहीये." सुट्टीत माहेरी गेलं की दोघींचं निम्मं बोलणं जिन्यातच व्हायचं. एक वरच्या पायरीवर, एक खालच्या.

मग आई आजारी पडली.

बाईंना वाटलं, आपल्याकडे मोठं इस्पितळ आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, तिला इथं आणावं. वहिनी म्हणाली, "आणू नका वन्सं. त्यांना इथली भिंतन् भिंत माहीत आहे. डोळे मिटून न्हाणीपर्यंत जातात. तिकडं त्यांना काय कळणार?" बाईंनी ऐकलं नाही. लेक होती ना. लेकीला वाटतंच, की आपण केलं तर वाचेल. आईला घेऊन आल्या. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पण आई रोज सकाळी पलंगावर उठून बसायची आणि कान देऊन विचारायची, "उघडलं का ग वाचनालय?" आणि बाई रोज सांगायच्या, "उघडलं हं आई." आई त्यांच्याकडे बघायची. खोटं तिला कळत होतं. ऐकू तर काहीच आलेलं नसायचं.

ती परत गेलीच नाही.

वहिनी शेवटच्या दर्शनाला आली. सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरात दोघीच होत्या. वहिनी म्हणाली, "तुम्ही नेलंत ना त्यांना? आता जे काय आहे ते तुमचं तुम्ही सांभाळा." बाई जागरणानं, रडण्यानं पिचलेल्या. त्या फाडकन बोलून गेल्या, "तुझ्याकडे राहिली असती तर चार दिवस आधीच गेली असती." झालं. दोनच वाक्यं. तोंडातून निघाली आणि दोघींच्या मध्ये दगडासारखी येऊन बसली. कुणी उचलायची? माहेर तुटलं ते असं, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून.

त्या वर्षीचं पत्रक आलं, ते वहिनीच्या टपोऱ्या अक्षरात. आणि त्यात एक चूक होती.

ती चूक काय, ते सांगायला हवं. वाचनालयात वर्षभर किती माणसं आली हे रोज कोण मोजत बसणार? म्हणून एक साधा आठवडा निवडायचा. फार गर्दीचाही नको, अगदी ओसाडही नको. त्या आठवड्यात दारात बसून आत येणारं प्रत्येक माणूस मोजायचं आणि वर्षात जेवढे आठवडे वाचनालय उघडं होतं तेवढ्यानं गुणायचं. शितावरून भाताची परीक्षा. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून नवशिके ग्रंथपाल डोळे झाकून बावन्ननं गुणतात. पण दरसाल दोन आठवडे वाचनालय बंद ठेवून पुस्तकांची पडताळणी होते. सगळी कपाटं रिकामी करायची, एकेक पुस्तक हातात घेऊन मोजायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. ते दोन आठवडे दाराला कडी असते. मग गुणायचं पन्नासनं. वहिनीनं गुणलं होतं बावन्ननं.

बाई त्या पत्रकाकडे बराच वेळ बघत बसल्या. टायपिस्टबाईला म्हणावं का, हा एवढा फोन तू कर? पण तिला काय कारण सांगणार? शेवटी स्वतःच लावला.

"नमस्कार. संघाच्या कार्यालयातून बोलतेय."

तिकडून, "बोला."

"वाचकसंख्या तुम्ही बावन्ननं गुणली आहे. पडताळणीचे दोन आठवडे बंद असतं. पन्नासनं गुणायला हवं."

"बरं. पन्नासनं गुणते."

'तुम्ही' म्हणताना बाईंची जीभ अडखळली होती. आणि 'वन्सं' तर आलंच नाही. पण बाईंनी फोन लगेच ठेवला नाही, आणि तिकडूनही ठेवला गेला नाही. वायरीतून ते घर ऐकू येत होतं. वरचा पंखा अजून तसाच कुरकुरत होता. कुणीतरी खुर्ची ओढली. कुणीतरी खोकलं. मग वहिनी म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला.

पुढच्या वर्षी पत्रक आलं. पुन्हा बावन्न.

त्याच्या पुढच्या वर्षी, पुन्हा बावन्न.

बाई घरी म्हणाल्या, "वहिनीला बाकी सगळं येतं, पण हे एवढं काही डोक्यात राहत नाही बघा."

यजमान शेंगा सोलत होते. "कुणाला? जिला कुठल्या शिंप्याकडे कुठलं पुस्तक आहे ते पाठ असायचं, तिला?"

"माणसाचं असतं एखादं अडलेलं."

"असतं खरं," यजमान म्हणाले, आणि एक शेंग बाईंच्या हातावर ठेवली. "तुझंही आहे."

बाईंना ते तेव्हा कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. पण त्या वर्षभर त्या एका फोनची वाट बघायच्या, एवढं खरं. दर वर्षी फोनवर एखादं वाक्य वाढायचं. दोघी अशा जपून बोलत, की पत्रकाच्या रकान्याबाहेर पाऊल पडायचं नाही. बाई विचारत, "इमारतीची दुरुस्ती या रकान्यात काही धरायचं आहे का?" मग वहिनी सांगे, "वरच्या मजल्यावरची एक खिडकी बदलली. आईंच्या खोलीची. जुनी उघडी राहायची नाही." बाई लिहून घेत. रकान्यात लिहीत, 'खिडकी एक.' आणि नवी खिडकी कशी असेल, तिच्यातून गल्लीचं वळण आता दिसत असेल की नाही, हे मनात घेऊन बसत.

"बाद पुस्तकं कमी दाखवली आहेत यंदा."

"ह्यांनी पुठ्ठे घातलेली होती, ती नाही काढली. आत वाळवी लागलीय, पण पुठ्ठा शाबूत आहे."

"मग राहू द्या. वाचनीय म्हणून धरते."

"धरा."

एका वर्षी वहिनी आपण होऊन म्हणाली, "फर्निचर दुरुस्ती. जिन्याची तिसरी पायरी बसवून घेतली." बाई हसल्या. तिसऱ्या पायरीवर बसूनच त्यांची लग्नाआधीची सगळी गुपितं सांगून झाली होती. त्यांना म्हणावंसं वाटलं, वहिनी, ती कुरकुरायची ना ग, आई म्हणायची ही पायरी चहाडखोर आहे. पण पत्रकात चहाडखोर पायरीला रकाना नव्हता. बाई म्हणाल्या, "नोंद घेतली."

अशी वर्षं गेली. डोळ्यांना चष्मा लागला, केस पांढरे झाले. वहिनीचा आवाजही जरा खाली बसला. 'वन्सं' मात्र कधी आलं नाही. कार्यालयात आकडेबाई, शेजारी काकू, सुनेच्या तोंडी आई. वन्सं म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते वर्षातून एकदा 'बोला' म्हणत होतं.

आणि मग सचिव नवी व्यवस्था घेऊन आले.

सगळ्यांना खोलीत बसवून त्यांनी पडद्यावर दाखवलं. आता कागदी पत्रकं बंद. प्रत्येक वाचनालयानं संगणकावर आकडे भरायचे. बेरीज तोच करणार, गुणाकार तोच करणार. किती आठवडे उघडं होतं एवढं विचारतो, की झालं. आकडा जुळला नाही तर पुढंच जाऊ देत नाही. सगळं जुळलं की हिरवी खूण.

"आकडेबाई, आता तुमच्या घशाला विश्रांती," सचिव कौतुकानं म्हणाले. "एकही फोन करायला नको."

"आणि कुणाचं चुकलं तर?"

"चुकणारच नाही! तीच तर गंमत आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. टायपिस्टबाई कानाशी वाकून म्हणाली, "आता मी दुपारी काय ऐकू हो?" बाई हसल्या, पण घरी जाताना दोन थांबे पुढं उतरल्या, आणि मागं चालत आल्या.

त्या वर्षी अहवालाचे दिवस कसे सुनेसुने गेले. पडद्यावर एकेक वाचनालय हिरवं होत गेलं. गेलेल्यांची नावं न काढणारे हिरवे झाले, निरंकवालेही हिरवे झाले. कुणाचा आवाज नाही, कुणाचं गाऱ्हाणं नाही. माहेरचं वाचनालय मात्र येईना. बाई रोज सकाळी आधी तेच बघत. मनात आशा, की अडलं असेल तिथं. जमत नसेल तिला. मग मदतीला म्हणून फोन करता येईल.

आणि एका सकाळी तेही हिरवं झालं.

बाईंनी उघडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथं. उघडे आठवडे, पन्नास. गुणाकार बरोबर. दुरुस्तीचा रकाना नव्या पत्रकात नव्हताच. तो अनावश्यक म्हणून काढला होता. बाईंनी वरून खाली आणि खालून वर पत्रक वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाकडे चूक मागितली. एखादीच. लहानशी. पण नव्हती.

संध्याकाळी त्या स्वयंपाक न करता नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा यजमानांनी विचारलं. त्यांनी सांगितलं.

"मग फोन कर."

"कशासाठी केला म्हणून सांगू?"

"कशासाठी म्हणजे? भावजय आहे तुझी."

"इतक्या वर्षांत कामाशिवाय केला नाही, तो आता कसा करू? ती म्हणाली, काय काम आहे, तर?"

यजमान म्हणाले, "तुम्ही दोघी म्हणजे ना, तहान लागली तरी आधी विहिरीची परवानगी काढाल." आणि उठून त्यांनी स्वतःच भात टाकला.

दुसऱ्या दिवशी बाई कार्यालयात लवकर आल्या. पडदा चालू केला. माहेरच्या हिरव्या खुणेशेजारी एक बटण होतं, 'दुरुस्तीसाठी परत'. त्यांनी ते यंदा एकदाही दाबलं नव्हतं. दाबायची वेळच आली नव्हती. आणि बरोबर असलेलं पत्रक परत पाठवणं म्हणजे, इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पाप त्यांनी कधी केलं नव्हतं. जरा वेळ हात मांडीवर ठेवून बसल्या. मनात म्हणाल्या, देवा, बघितलंस तरी बोलू नकोस. आणि दाबलं.

पडद्यावर चौकट आली. 'कारण लिहा.' कारणाशिवाय ते यंत्रही सोडत नव्हतं. बाईंनी एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'बावन्नने गुणावे.'

मग त्यांना धडकीच भरली. काय वाटेल तिला? म्हातारी चळली म्हणेल. नाहीतर सचिवांना कळवेल. चहा आला तो गार झाला. टायपिस्टबाईनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

दुपारी टेबलावरचा फोन वाजला. इतक्या वर्षांत तो तिकडून कधी वाजला नव्हता.

"संघाचं कार्यालय का?"

"हो. बोला."

"आमचं पत्रक परत आलंय. बावन्ननं गुणा म्हणून लिहिलंय."

"हो."

"ते चूक आहे. पडताळणीचे दोन आठवडे वाचनालय बंद असतं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

तिकडं पंखा कुरकुरत होता. बाहेरून कुणीतरी विचारत होतं, कथांचं कपाट कुठलं, आणि वहिनीनं त्याला उत्तर दिलं नाही. वहिनीनं वाचकाला उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"मला गुणता येत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?" ती म्हणाली. आणि मग हळूच, जिन्याच्या वरच्या पायरीवरून वाकल्यासारखं, "वन्सं?"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. टायपिस्टबाई समोर बसली होती, तिची बोटं थांबली होती, पण बाईंना आता त्याचं काही वाटलं नाही.

"वहिनी, ती रोज विचारायची ग. उघडलं का म्हणून. मी खोटं सांगायची."

"मी रोज उघडताना वर बघायची," वहिनी म्हणाली. "वर कुणी नाही हे माहीत असून."

मग दोघी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. पण हे गप्प बसणं निराळं होतं. आधीच्या गप्प बसण्यात कान लावून ऐकावं लागे. यात नुसतं बसता येत होतं.

"पडताळणी पुढच्या सोमवारपासून आहे," वहिनीच शेवटी म्हणाली. "मला आता शिडीवर चढवत नाही. वरची कपाटं गेल्या वर्षी तशीच राहिली."

"मला तरी कुठं चढवतंय!"

"मग एकीनं शिडी धरायची आणि एकीनं चढायचं. पडलो तर दोघी पडू. गावाला तेवढीच करमणूक."

बाई रडता रडता हसल्या. "रजा काढते."

"काढा. आणि येताना जाड चष्मा आणा हं. नाहीतर तुमच्या पोळ्यांसारखंच व्हायचं, एका पुस्तकाचे दोन देश."

"आणि पत्रक?"

"ते पन्नासनंच राहू दे. तुमच्या यंत्राला म्हणावं, आमच्यात मध्ये पडू नकोस."

बाईंनी फोन ठेवला नाही. तिकडूनही ठेवला गेला नाही. कथांचं कपाट विचारणारा अजून तिथंच उभा असावा, कारण वहिनी त्याला म्हणाली, "डावीकडे, खिडकीखाली. आणि दार जरा पूर्ण सरकवा हो, अर्धंच उघडंय." आणि मग तो आवाज आला, कडकडत, घसटत. बाईंच्या टेबलावर गार चहाचा पेला होता. आतला चहा हलतोय का म्हणून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.